२^१२७ − १ : एका मूळ संख्येच्या सिद्धतेचा इतिहास

मरसेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने इ. स. १६४४ मध्ये असे प्रतिपादिले की, घातांक २५७ पर्यंत घेतल्यास २^न − १ ही संख्या न = २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ या अकरा ठिकाणीच मूळ असते. या यादीत ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले असून ६१, ८९ व १०७ हे राहून गेले आहेत, हे पुढे निश्चित झाले. तथापि १२७ विषयीचे विधान खरे ठरले, आणि ते ज्या रीतीने खरे ठरले तीच येथे विचारार्ह आहे.

ऑयलरने १७७२ मध्ये २^३१ − १ मूळ असल्याचे दाखविले, ते विशिष्ट रूपाच्या भाजकांनी भागून पाहूनच. ३९ अंकी संख्येपुढे तो मार्ग खुंटतो. एद्वार ल्यूकाने १८७६ मध्ये भाजक शोधण्याचा नादच सोडला. ३ पासून आरंभ करावा. प्रत्येक पदाचा वर्ग करून त्यातून २ वजा करावे आणि येणाऱ्या संख्येस परीक्ष्य संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. घातांक मूळ असून त्यास ४ ने भागता बाकी ३ उरत असेल, तर घातांकाहून एकाने कमी क्रमांकाचे पद शून्य होणे हेच मूळत्वाचे गमक होय. २^७ − १ म्हणजे १२७ घेतल्यास पदे येतात ती ३, ७, ४७, ४८, १६, ०. घातांक १२७ असता अशी १२५ आवर्तने करावी लागतात. त्यासाठी ल्यूकाने द्विमान अंकलेखन व १२७ × १२७ घरांचा पट योजिला. २^१२७ ची बाकी १ येत असल्यामुळे गुणाकार म्हणजे ओळी चक्राकार सरकविणे एवढेच उरते.

येथे एक विषमता आहे, तिच्याकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते. अखेरीस शून्य आले तर ते स्वतःच स्वतःची साक्ष देते. मध्ये चूक होऊन योगायोगाने शून्य येणे जवळजवळ असंभवनीय. शून्य न आल्यास मात्र संख्या संयुक्त आहे की गणकाचा हात चुकला, हे त्या बाकीवरून कळत नाही. २^६७ − १ संयुक्त असल्याचे ल्यूकानेच सांगितले होते; परंतु कोलने १९०३ मध्ये १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला तेव्हा कोणासही तपासता येईल असा पुरावा हाती आला. (कोलच्या त्या वेळच्या मौनाची कथा पुष्कळांनी रंगविली आहे, महत्त्व आहे ते अवयवांना.)

ल्यूकाच्या उपपत्तींत मात्र उणिवा होत्या. त्याचा निष्कर्ष फोकांबेर्ग याने १९१४ मध्ये पुन्हा पडताळला. आणि उपपत्तीस निर्दोष रूप दिले ते लेहमर याने १९३० मध्ये. ज्ञात मूळ संख्यांतील थोरपणाचा मान या संख्येकडे १९५१ पर्यंत राहिला. त्या वर्षी फेरिए याने यांत्रिक गणकाच्या साहाय्याने ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. आणि १९५२ च्या जानेवारीत रॉबिन्सनने विद्युत्-गणकयंत्रावर २^५२१ − १ मूळ ठरविली, ती ल्यूकाच्याच कसोटीने.