काशीचा पानडबा

परळीच्या आमच्या घरी देवघरातल्या फडताळात एक काळा, चांदीच्या वेलबुट्टीचा पानडबा आहे. पणजोबांनी तो काशीयात्रेहून आणला, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. शेजारीच त्यांनी आणलेला गंगेचा सीलबंद गडू असल्यामुळे शंका घ्यायचं कारणही नव्हतं.

शंका आली ती माझ्या आगाऊपणामुळे. एका दिवाळीत भांडी उजळताना मी डब्याचा तळ चिंच-रांगोळीनं खसखसून घासला. काळेपणा गेला आणि खालून ना तांबं निघालं ना पितळ. निघाला राखाडी, पांढुरका धातू. जस्त, त्यात थोडं तांबं. म्हणजे बिदरी काम.

बिदरीत काळेपणा रंगाचा नसतो. ओतीव भांडं गुळगुळीत करून त्यावर मोरचूद चोळतात, नक्षी कोरतात आणि खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते. मी शे-दीडशे वर्षं टिकू शकणारी ती काळी साय दहा मिनिटांत उतरवली होती.

तरी काशी लगेच खोटी ठरत नव्हती. लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद इथंही बिदरी घडत असे. मात्र लखनौच्या कारागिरांना उठावाची चांदी आवडे. आमच्या डब्यावरून बोट फिरवलं तर तार कुठं लागत नाही. तेवढ्यावर निकाल देणं मात्र धाडसाचं झालं असतं.

निकाल घरच्याच ट्रंकेत निघाला. पणजीच्या लग्नातल्या आंदणाच्या मोडी यादीत, समया आणि घंगाळानंतर, चांदीकामाचा बिदरी पानडबा नोंदलेला आहे. पणजीचं माहेर उदगीरचं.

मग काशी आली कुठून? बीड, उदगीर, बिदर ही सगळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातली. उदगीर तर बिदर जिल्ह्यातलंच. १ नोव्हेंबर १९५६ला बिदर म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर आणि परळी मुंबई राज्यात आली. परळीहून उदगीर-बिदरमार्गे विकाराबादला रेल्वे आजही जाते, पण बिदर आमच्या बोलण्यातून गेलं. तरी सगळा दोष सरहद्दीला देणं मला पटत नाही. सुनेनं माहेरून आणलेल्या वस्तूची गोष्ट कोण सांगत बसतं? सासऱ्या-नवऱ्याची यात्रा सांगायला बरी. गडू आणि डबा एका फडताळात राहिले, आणि गडूची गोष्ट डब्यालाही चिकटली.

हे मी आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तरीच! आजी त्यातल्या पानाला दुसऱ्या कुणाला हातच लावू द्यायची न्हाई.”