तळटीप : ‘धरणीचा इशारा’
१. हिंजवडीच्या घरी फडताळातील पितळी भांडी खणखणल्याची ही आठवण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची, म्हणजे कोयनेच्या ६.३ परिमाणाच्या भूकंपाची होय. शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर त्या मुलखात जे लहान धक्के सुरू झाले, आणि ज्यांतील १३ सप्टेंबर १९६७ चा धक्का ५ परिमाणाच्याही वर गेला, त्यांस लेखक ‘इशारा’ म्हणतो, ते (क्षम्य असले तरी) पश्चात्बुद्धीने. कारण पूर्वकंप हा पूर्वकंपच होता, हे मुख्य धक्का बसल्यावाचून ठरत नाही. किल्लारीस १९९२ च्या ऑक्टोबरात असेच धक्के जाणवल्याचा दप्तरी दाखला आहे. मोठा भूकंप मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजी, जवळजवळ वर्षाने झाला. कोयनेकाठी तर आजही पुष्कळ धक्के येतात, ज्यांच्यामागून काहीच येत नाही.