थांबवण्याचा अधिकार

उरणपर्यंत लोकल आली ती 12 जानेवारी 2024 रोजी. गाडीविषयी पुष्कळ बोलले गेले. तिच्या पोटातल्या पहारेकऱ्याविषयी मात्र कोणी बोलले नाही. आज त्याचाच इतिहास सांगण्याचे आम्ही योजले आहे. शाळा आम्ही लवकर सोडली. विजेचे जे काही शिकलो ते रात्रपाळीत, वायरमनच्या शेजारी उभे राहून; तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे.

रायगड जिल्ह्याचे विजेशी नाते जुने. 1915 साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. 1927 साली मुळशीचे पाणी घाटाखाली उतरून भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. दरम्यान 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी 1500 व्होल्टच्या एकदिश विजेवर धावली. त्या काळी संरक्षण म्हणजे फ्यूज आणि सर्किट ब्रेकर. फ्यूज हा इमानी गडी. स्वतः वितळून घर वाचवणारा. ब्रेकरला दोष तोडायला सेकंदाचा काही शतांश भाग लागे. तेवढा वेळ चालूनही जाई, कारण जाड तांब्याची मोटर एका क्षणात जळत नाही.

पुढे सिलिकॉनचा खटका आला. 1957 च्या सुमारास निघालेला थायरिस्टर एकदा चालू झाला की ज्या टोकाने चालू केला त्याच टोकाने बंद करता येत नसे. 1980 नंतरच्या दशकात आयजीबीटी आला. तो हुकमासरशी चालू होतो आणि हुकमासरशी बंद. आजची लोकल 25,000 व्होल्टची वीज घेते, ती उतरवून एकदिश करते आणि अशाच खटक्यांनी पुन्हा तुकडे पाडून मोटरला पुरवते. पण हा खटका नाजूक. थेट शॉर्टसर्किट झाले तर तो साधारण दहा मायक्रोसेकंद तग धरतो. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातले दहा!

म्हणून त्याच्या अगदी शेजारी एक लहान सर्किट बसवतात. त्याला गेट ड्रायव्हर म्हणतात. हाच आमचा पहारेकरी. खटका नीट चालू असताना त्याच्या दोन टोकांत दोनतीन व्होल्टच उरतात. प्रवाह बेसुमार वाढला की हा आकडा एकदम चढतो. पहारेकऱ्याला ते दिसते आणि तो खटका बंद करतो. तोही झटक्याने नव्हे, सावकाश; कारण धावता प्रवाह एकदम अडवला तर दाब उसळून खटकाच फुटतो. त्याची आणखी दोन कामे आहेत. खटका पुरता उघडायला साधारण पंधरा व्होल्ट लागतात. ते कमी पडले तर खटका अर्धवट उघडून तापतो. म्हणून अशा वेळी पहारेकरी तो चालूच करीत नाही. आणि एकाच फळीतले वरचा व खालचा असे दोन्ही खटके एकदम चालू होऊ नयेत, म्हणून मध्ये थोडा अवकाश राखला जातो.

यातली एक गोष्ट आमच्या मनात ठसली. दोष दिसला की हा पहारेकरी वरच्या नियंत्रकाची परवानगी मागत नाही. आधी थांबवतो, मग वर कळवतो. वर विचारून उत्तर येईपर्यंत खटका उरणारच नाही, हे इंजिनिअरांनी ओळखले.

आता आमची हकीगत. याच किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात रात्रपाळीला ड्राइव्ह तीनदा ट्रिप झाला. आमच्या सोबत्याने दोनदा सांगितले, आत काहीतरी बिघडले आहे. हुकूम आला, रिसेट करा आणि चालवा. चौथ्या वेळी पॅनेल फुटले आणि त्याचा उजवा हात भाजला. चौकशीत कारण लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा.

कायदा काय म्हणत होता? 1984 साली भोपाळ घडले. त्यानंतर 1987 साली 1948 च्या कारखाना कायद्यात 41-एच हे कलम आले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात धोका समोर दिसत असेल तर तो मालक वा व्यवस्थापक यांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क त्याने कामगाराला दिला, आणि धोका खरा असेल तर तत्काळ उपाय करण्याचे बंधन मालकावर घातले. ही लहान जीत नव्हे. पण तो हक्क सांगण्याचा होता, थांबवण्याचा नव्हता.

यंत्राच्या सर्वांत जवळ जो उभा असतो त्याला धोका आधी कळतो. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यासाठी जे मान्य झाले, ते हाडामांसाच्या माणसासाठी मान्य व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे.