दोन गुणांचे प्रश्न

‘गणित जमत नसेल तर बायो घे. तिथे डोकं लागत नाही, पाठ केलं की झालं.’ दहावीचा निकाल लागला की वीर-दासगावपासून पोलादपूरपर्यंत हा सल्ला घरोघर फुकट मिळतो. देणारे अडाणी नसतात. इंजिनिअर झालेला मामा देतो, भौतिकशास्त्राचे सर देतात आणि खेदाची गोष्ट म्हणजे जीवशास्त्र शिकवणारेही पुष्कळदा देतात. मग मुलगी बी.एस्सी.ला जाते. तिच्या हातात झेरॉक्सच्या दुकानातला स्पायरल बांधलेला प्रश्नसंच पडतो: आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींतला फरक स्पष्ट करा, गुण दोन. ७०एस आणि ८०एस रायबोसोम, गुण दोन. एकसंकराचं गुणोत्तर सांगा, गुण एक. तिलाही पटतं की मामा खरं बोलत होता.

या मताचं खंडन करायचं तर आधी त्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती कच्ची नाही. ‘नीट’च्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, ७२० पैकी ३६० गुण त्यांवर. एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ कित्येकदा जशीच्या तशी प्रश्नात उतरते आणि ती ज्याला आठवते तो विचार करत बसणाऱ्याच्या पुढे निघून जातो. शिवाय भौतिकशास्त्रातलं सूत्र विसरलं तर ते मांडून पुन्हा काढता येतं. तंतुकणिका हे नाव विसरलं तर ते कोणत्या तर्काने काढणार? म्हणजे या विषयात स्मरणाचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण एवढ्यावरून पूर्वपक्ष जो निष्कर्ष काढतो, की इथे स्मरणाखेरीज काही नाहीच आणि ते दोन गुणांचे प्रश्न म्हणजे घोकंपट्टीचे पुरावे, तो मला साफ चुकीचा वाटतो. माझं म्हणणं उलट आहे. ‘फरक स्पष्ट करा’ हाच या विषयातला सगळ्यांत जड प्रश्न आहे. आपण त्याचा अर्धाच भाग विचारतो. त्या फरकामुळे कुणाचं काय होतं, हा उरलेला अर्धा भाग गाळतो आणि मग विषयालाच नावं ठेवतो.

रायबोसोमचाच प्रश्न घ्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, हे इथे कुणाला सांगायला नको. पूर ओसरला की दुकानांत, गोठ्यांत, स्वयंपाकघरांत गुडघाभर चिखल राहतो आणि त्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसची भीती सुरू होते. मग आशाताई आणि आरोग्य सेवक डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरतात. धोका असेपर्यंत आठवड्याला २०० मिलिग्रॅम. हा हिशेब हवेतून आलेला नाही; पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर तो तपासला गेला आणि १९८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही गोळी जीवाणूच्या रायबोसोमच्या ३०एस या लहान भागाला चिकटते. प्रथिनं जोडण्यासाठी अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या टीआरएनएला तिथे टेकायला जागा उरत नाही, आणि जीवाणूचा कारखाना बंद पडतो. आपल्या पेशीद्रवातला रायबोसोम ८०एसचा. त्याला ती फारशी चिकटत नाही, आणि जीवाणू जसा तिला आत ओढून साठवतो तशी आपली पेशी साठवत नाही. हा फरक नसता तर पूरग्रस्त माणसाला ही गोळी देण्याची कुणाची छाती झाली नसती. दोन गुणांचा तो प्रश्न आशाताईच्या पिशवीत असतो.

पुढे जाऊ. जीवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग ३०एस, मोठा ५०एस, आणि जोडून मात्र ७०एस. पोरं हे डोळे मिटून पाठ करतात, कारण बेरीज ८० येते आणि का जुळत नाही हे वर्गात कुणी विचारत नाही. ‘एस’ म्हणजे स्वेडबर्ग. अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात कण किती झपाट्याने तळाकडे जातो त्याचं ते माप आहे, वजनाचं नव्हे. तो वेग आकारावरही अवलंबून असतो, म्हणून दोन भाग एकमेकांत बसले की आकडे सरळ मिळवता येत नाहीत. यात पाठांतर कुठे आहे? हे तर भौतिकशास्त्र आहे. आणि त्या ३०एस भागाचा अणू-अणूपर्यंतचा नकाशा २००० साली ज्यांच्या प्रयोगशाळेतून आला ते वेंकटरामन रामकृष्णन बडोद्याला भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले. याच कामासाठी २००९ चं नोबेल त्यांना स्टाइट्झ आणि योनाथ यांच्याबरोबर मिळालं. डॉक्सीसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन कुळातलं, ते औषध या रायबोसोमवर नेमकं कुठे बसतं, हेही त्यांच्याच गटाने दाखवलं.

त्यांनी रायबोसोम घेतला तो थर्मस थर्मोफिलस नावाच्या, उन्हाळ्यात म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जीवाणूचा. कढत पाण्यात टिकणाऱ्याची प्रथिनं घट्ट असतात, त्यांचे स्फटिक चांगले बनतात. त्याचाच भाऊबंद थर्मस ॲक्वाटिकस. तो अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यातून थॉमस ब्रॉक यांनी शोधला आणि १९६९ साली जगापुढे मांडला. त्याचं विकर उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवलं तरी मोडत नाही, म्हणून पीसीआर चाचणी सोपी झाली, म्हणून कोविडच्या काळात नाकातल्या नमुन्याचा अहवाल हाती पडू लागला. महाडजवळ सावित्रीकाठी सवचा उन्हाळा आहे. सांधे दुखणारी माणसं तिथे आंघोळीला जातात. ‘तापमान फार वाढल्यावर विकरांची क्रिया का मंदावते?’ हा प्रश्न शिकवताना इथल्या किती वर्गांत सवचं नाव निघतं? निघायला हवं. त्या प्रश्नाचं छापील उत्तर ‘विकराची रचना मोडते’ असं आहे, आणि उन्हाळ्यातले जीवाणू त्याला सरळ आव्हान देतात: आमचं का मोडत नाही?

आता लेप्टोकडे परत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात त्याचं वर्णन दीड ओळीचं: सर्पिल, चंचल, टोकांशी आकड्यासारखा वाकलेला. ग्रॅम रंगात तो धड दिसत नाही, कारण जाडी फक्त ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास. काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो चांदीच्या तारेसारखा वळवळताना दिसतो. परीक्षेला एवढं पुरतं. पण आवणीच्या दिवसांत वीरच्या खाचरात उतरलेल्या बाईचे पाय पाहा. आठ-आठ तास पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, कातडी पांढरी पडून सुटलेली असते. उंदीर-घुशी, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात आलेल्या लेप्टोला यापेक्षा मोकळं दार कुठे मिळणार? धड कातडी तो सहजासहजी भेदत नाही. ‘त्वचा हा प्रतिकारशक्तीचा पहिला अडसर’ ही आणखी एक एका गुणाची ओळ. तिचं प्रात्यक्षिक त्या बेचक्यांत आहे. ‘हा उंदरांचा रोग, आमच्या घरात उंदीर नाहीत’ असं म्हणणारे गोठ्याकडे बघत नाहीत, ते अशाच अर्धवट पाठांतरामुळे. पुस्तकात उंदीर ठळक छापलेला असतो.

अनुवंशशास्त्राबद्दल थोडक्यात, कारण तिथे पूर्वपक्ष स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. ‘गणित नको म्हणून बायो’ म्हणणाऱ्यांनी मेंडेलची वही पाहावी. ५४७४ गोल वाटाणे, १८५० सुरकुतलेले. जांभळ्या फुलांची झाडं ७०५, पांढऱ्यांची २२४. ३:१ हे गुणोत्तर या मोजणीतून निघालं, आणि मोजणारा व्हिएन्नात डॉप्लरच्या हाताखाली भौतिकशास्त्र शिकून आलेला होता. पण ३:१ नुसतं पाठ केलं की काय होतं? आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर चारांत एक मूल आजारी, एवढं पोराला पाठ असतं. ‘पहिलं आजारी झालं, म्हणजे आता पुढची तिघं सुटली’ असं कुणी म्हणालं की तो मान डोलावतो. प्रत्येक गरोदरपणात शक्यता पहिल्यापासून पुन्हा एक-चतुर्थांशच असते. चार मुलं असलेल्या अशा कुटुंबांत एकही मूल आजारी नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे २५६ पैकी ८१; जवळजवळ एक तृतीयांश. हे समुपदेशकाला आदिवासी वाडीवर तोंडी सांगता आलं पाहिजे. घोकलेल्याला ते जमत नाही.

आणि महाडचा माणूस या विषयावर लिहिणार आणि चवदार तळ्याचं नाव घेणार नाही, असं कसं होईल? २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करायचं म्हणून दही, दूध, शेण, गोमूत्र यांचे १०८ घडे त्यात ओतले. कॉख यांना कोलकात्याच्या तलावातल्या पाण्यात पटकीचा जीवाणू सापडला तो १८८४ साली. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली १८९७ साली. म्हणजे पाणी कशाने दूषित होतं याचं उत्तर चार दशकांपूर्वीच मिळालेलं होतं, आणि हाफकिन यांच्या मुंबईहून महाड काही फार लांब नाही. ‘पिण्याचं पाणी दूषित आहे हे कसं ओळखाल?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर लिहा: विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जीवाणू तपासा, लॅक्टोजच्या नळीत आम्ल आणि वायू होतो का पाहा. ही कसोटी त्या दिवशी लावली असती, तर माणसांच्या ओंजळीपेक्षा त्या घड्यांनीच नळीत जास्त बुडबुडे आणले असते. समाजातल्या एवढ्या मोठ्या खोटेपणाला उघडं पाडणारा प्रश्न आपण ‘इंपॉर्टंट’ म्हणून खूण करतो आणि पुढचं पान उलटतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: परीक्षेत वेळ कुठे आहे, पेपर तपासणाऱ्याला शेकडो गठ्ठे उरकायचे असतात, त्याला ठरावीक मुद्दे हवेत. खरंय. पण मी निबंध मागत नाही. त्याच दोन-तीन गुणांत, तेवढ्याच ओळींत भागणारा प्रश्न असा विचारता येईल. आवणी करून आलेल्या बाईला कणकणी, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल. तापाचा तिसरा दिवस. लेप्टोच्या आयजीएम चाचणीचा अहवाल निगेटिव्ह. तरी डॉक्टरांनी लेप्टोचं औषध सुरू केलं आणि रक्ताचा नमुना पीसीआरसाठी पाठवला. का? ज्याला आयजीएम ही प्रतिपिंडं आहेत, ती शरीराने घडवायला आठवडाभराच्या आसपास वेळ लागतो, आणि तोवर जीवाणू मात्र रक्तात फिरत असतो एवढं ठाऊक आहे, त्याला उत्तर तीन ओळींत लिहिता येतं. ज्याने ‘प्रतिपिंडांचे प्रकार पाच’ एवढंच पाठ केलंय, तो पाचही नावं लिहील आणि अहवाल निगेटिव्ह आहे म्हणून बाईला घरी पाठवील.