दुखणे किती आणे उतरले?

टेनिसची रॅकेट जन्मात हातात न धरलेल्या माणसांनाच 'टेनिस एल्बो' अधिक होतो. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूस हाडाला जिथे जुळते, तिथले हे दुखणे. परभणी जिल्ह्यात रोज खुरपणी करणाऱ्या बाईला, सुताराला किंवा फळ्यावर लिहिणाऱ्या गुरुजींनाही ते गाठू शकते. 1873 साली रुंगे या जर्मन डॉक्टराने त्याचे वर्णन केले, तेही लेखनाने दुखावलेल्या हाताच्या संदर्भात! टेनिसचे नाव त्याला 1882-83 च्या सुमारास इंग्लंडमध्ये चिकटले. आपल्याकडे 2004 मध्ये सचिन तेंडुलकरचे कोपर दुखावले आणि हे नाव घरोघर पोहोचले.

उपचार पुष्कळ निघाले. 1928 मध्ये मिल्स यांनी कोपराला झटका देण्याची रीत सांगितली, 1936 मध्ये सायरिअक्स यांनी या दुखण्यावर लिहिले, पुढे स्टिरॉइडची इंजेक्शने आली. गुण येतो असे प्रत्येकजण म्हणे. पण गुण आला हे ठरवायचे कोणी? ताप थर्मामीटर सांगतो. इथे क्ष-किरण चित्रात बहुधा काहीच दिसत नाही. मुठीची ताकद यंत्राने मोजता येते, पण ताकद म्हणजे वेदना नव्हे. बराच काळ डॉक्टरच 'सुधारणा आहे' असा शेरा मारीत. रुग्ण तर त्यांना बरे वाटावे म्हणूनही मान डोलावतो.

1970 च्या दशकात 10 सेंटिमीटरची साधी रेघ वेदना मोजण्यासाठी रूढ झाली. एका टोकाला 'वेदना नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य वेदना'; रुग्णाने खूण करायची, आपण पट्टीने मोजायचे. 1999 मध्ये खास या दुखण्यासाठी 15 प्रश्नांची प्रश्नावली कॅनडात तयार झाली. पाच प्रश्न वेदनेचे, दहा कामांचे, प्रत्येकाला 0 ते 10 गुण. कामांची बेरीज निम्मी करून वेदनेत मिळवली की 100 पैकी गुण मिळतात. जितके जास्त, तितका त्रास जास्त.

रुग्णाला विचारण्याने काय साधते, ते 2002 मध्ये नेदरलँड्समधील 185 रुग्णांच्या प्रयोगात दिसले. 'पूर्ण बरा' किंवा 'पुष्कळ सुधारणा' असे रुग्ण स्वतः म्हणाला, तरच यश धरले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांत 92 टक्के यश, फिजिओथेरपीत 47, नुसते थांबलेल्यांत 32. विचारणे इथेच संपले असते तर निकाल उघड होता. वर्षाने पुन्हा विचारले, तेव्हा इंजेक्शन 69, फिजिओथेरपी 91, नुसते थांबणे 83! अर्थात या शेवटच्या दोहोंतला फरक फार मोठा मानता येत नाही. हे दुखणे बहुधा आपणहून ओसरते.

परभणीकडे हे प्रश्न जसेच्या तसे चालणार नाहीत. ओला टॉवेल पिळणे ठीक. पण दाराची गोल मूठ फिरवणे, कॉफीचा कप उचलणे यांऐवजी कडी आणि तांब्या हवा, खुरपे हवे.

मात्र मोजपट्टी आपल्याकडे जुनीच आहे. 'बारा आणे आराम आहे' असे म्हातारी माणसे सांगतात. आणे 1957 मध्ये चलनातून गेले, तरी ही सोळा घरांची पट्टी जिभेवर टिकली. फरक एवढाच की, बारा आणे सांगताना माणूस आधीचे दुखणे आठवून तुलना करतो, आणि आठवण फसवते. प्रश्नावली फक्त गेल्या आठवड्याचे विचारते. वजाबाकी मागाहून कागदावर होते.