कुलेन पर्वत : राजाचा देव आणि लोकांचा बुद्ध

आपल्या विहारातले आम्ही बावीस उपासक-उपासिका २०१९ च्या डिसेंबरात थायलंड-कंबोडियाच्या धम्मसहलीला गेलो होतो. परत आल्यावर वस्तीत जो तो विचारायचा ते अंकोरवाटबद्दल. अंकोरवाटचे फोटो आता घरोघरी पोचले आहेत, त्याबद्दल लिहिणारेही पुष्कळ आहेत. म्हणून वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी समितीने लेख मागितला, तेव्हा आम्ही ठरवले की लिहायचे ते कुलेन पर्वतावरच्या एका दिवसाबद्दल. त्या दिवशी आमच्यात मोठा वाद झाला होता. तो अजून पुरता मिटलेला नाही.

सिएम रीप शहरापासून कुलेन सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. सकाळी सातलाच मिनीबस हॉटेलच्या दारात उभी होती, कारण घाटाचा रस्ता अरुंद. सकाळी गाड्या फक्त वर जातात आणि दुपारनंतर फक्त खाली येतात, असे आमच्या गाईडने आदल्या रात्रीच बजावले होते. गाईड चाळिशीतला, बोलायला मोकळा. तो इंग्रजीत सांगायचा आणि आमच्यातले एक निवृत्त गुरुजी ते मराठीत करून मागच्या सीटपर्यंत पोचवायचे. कुलेन म्हणजे लिचीचे झाड. लिचीचा डोंगर, एवढाच त्या नावाचा अर्थ. आपला सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा डोंगर फार उंच वाटत नाही. पाचशे मीटरही नाही, पण माथा सपाट आणि लांबच लांब, वर सगळे जंगल. तरीही कंबोडियातल्या माणसाला सगळ्यांत पवित्र डोंगर कोणता विचारा, तो कुलेनच सांगेल.

हे पावित्र्य आले कुठून? इतिहास असा की इ. स. ८०२ मध्ये दुसरा जयवर्मन या राजाने या डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती घोषित केले. तेव्हा या डोंगराचे नाव महेंद्रपर्वत. हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने राजासाठी विधी केला. कंबुज देश जावाच्या सत्तेतून सुटावा आणि देशाला एकच सार्वभौम राजा असावा, यासाठी तो विधी होता. त्याच वेळी ‘देवराज’ या देवाची स्थापना झाली. हिरण्यदामाने ही विद्या शिवकैवल्य नावाच्या पुरोहिताला शिकवली आणि राजाने शपथ घेऊन ठरवून दिले की या देवाची पूजा शिवकैवल्याच्याच घराण्याने करायची, दुसऱ्या कुणी नाही.

हे वाक्य गुरुजींनी मराठीत सांगितले तेव्हा बसमध्ये एकदम हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणाले, “म्हणजे इथंही तेच!” हशा बरोबरच होता म्हणा. समुद्रापलीकडे जाऊनही पुरोहितपण वारसाहक्काचेच राहिले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा सगळा वृत्तांत ज्या शिलालेखात आहे, तो स्दोक काक थोमचा शिलालेख १०५२ च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी कोरलेला. आणि तो कोरवून घेतला तो त्याच पुरोहित घराण्यातल्या माणसाने. आपल्या घराण्याचा मान आणि आपल्या जमिनी कशा जुन्या आहेत हे सांगण्यासाठी लिहिलेला तो लेख आहे. राजाला देवाचे बळ मिळाले ते आमच्या पूर्वजांमुळे, असे पुरोहितच सांगतो आहे. असा इतिहास वाचताना लिहिणारा कोण, हे आधी पाहायचे, ही सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावलेली आहे.

राजाची नगरी मात्र खरी होती. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरण सोडून जंगलाखालची जमीन मोजली गेली, २०१५ मध्ये आणखी मोजणी झाली. जाँ-बाप्तिस्त शेव्हान्स, डेमियन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. झाडांखाली सरळ रस्त्यांची चौकटच्या चौकट निघाली. बंधारे, देवळांची जोती, सगळे आखणी करून बांधलेले. पण राजधानी इथे फार काळ टिकली नाही. ती खाली सपाटीवर हरिहरालयाला गेली, पुढे अंकोरला. चक्रवर्तीच्या नगरीत आज झाडे आणि वेली आहेत.

बस थांबली ती नदीकाठी. हीच सिएम रीप नदी, जी खाली शहरातून वाहत तोन्ले साप या प्रचंड सरोवराला मिळते. इथे वर ती अगदी ओढ्याएवढी, पाणी नितळ, गुडघ्याच्या आतबाहेर. गाईडने बोट दाखवले आणि आम्ही वाकून पाहिले. नदीच्या तळाच्या खडकात ओळीने लहान लहान लिंगे कोरलेली. चौकोनात एकेक उंचवटा, शेजारी दुसरा, तिसरा, पार पाण्याच्या वळणापर्यंत. याला ‘सहस्र लिंगांची नदी’ म्हणतात. त्यामागची कल्पना अशी की पाणी या लिंगांवरून वाहिले की पवित्र होते, आणि तेच पाणी खाली अंकोरच्या तलावांत आणि भातशेतीत जाते. म्हणजे पिकाला लागणारे पाणीसुद्धा राजाच्या देवाला शिवूनच खाली उतरायचे.

तिथे आलेली कंबोडियन कुटुंबे ओंजळीने ते पाणी तोंडावर, डोक्यावर घेत होती. त्यांच्यातल्याच एका बाईने हसून आमच्यातल्या एका आजींना खूण केली, तुम्हीही या. आजी पुढे झाल्या, तोच आमच्या युवक मंडळाचा एक कार्यकर्ता आडवा आला. “आजी, आपल्या बावीस प्रतिज्ञा आहेत. पहिलीच काय आहे?” ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. ती प्रतिज्ञा आम्ही दर धम्मचक्र प्रवर्तन दिनी म्हणतो. दोघातिघांनी त्याची बाजू घेतली. काहीजण म्हणाले, परक्या देशात आलो आहोत, लोक प्रेमाने बोलावताहेत, मान राखावा. आवाज चढले. गाईड गोंधळून बघत राहिला, त्याला वाटले आपलेच काही चुकले.

आजी ऐंशीच्या पुढच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझ्या आईला गावात विहिरीवर चढू देत नव्हते. कोणी ओतील तेव्हा घागर भरायची. मला कुणी पाण्याला जा म्हणतं, तर मी जाणार. देवासाठी नाही बाबा, पाण्यासाठी.” आणि त्या उतरल्या. कुणी काही बोलले नाही.

यावर आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. युवकाचे चूक नव्हते. पाण्याने माणूस शुद्ध होत नाही, हे तथागतांच्या काळापासूनचे म्हणणे आहे. थेरीगाथेतली पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की आंघोळीने पाप धुतले जात असेल, तर मग बेडूक-कासवे आधी स्वर्गाला जातील की नाही? प्रश्न विचारणारी पाणक्या दासी होती, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. पण आजींचेही चूक नव्हते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाणी प्यायले, ते काही तळे पवित्र म्हणून नव्हे. ते सार्वजनिक होते म्हणून. नंतर सनातन्यांनी पंचगव्याने ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले, आणि हक्काचा खटला हायकोर्टात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. पाण्याला पवित्र म्हटले की पाठोपाठ ते बाटवणारा कोणीतरी शोधला जातो, हे आपण भोगलेले आहे. कुलेनच्या नदीत मात्र त्या दिवशी कुणी कुणाला जात विचारत नव्हते. परदेशी, खेडूत, भिक्खू, शाळेची पोरे, सगळे एकाच पाण्यात उभे होते. आमच्यातला वाद पाण्याचा नव्हताच, त्याला दिलेल्या अर्थाचा होता.

पुढे थोड्या अंतरावर प्रेअह आंग थोम हा विहार. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना म्हातारी-कोतारी बसलेली असतात, आणि तिथले लोक सुट्या नोटांची चवड आधीच करून आणतात, प्रत्येकाला एकेक देत वर चढतात. आम्हालाही नोटा सुट्या करून घ्याव्या लागल्या. वर गेल्यावर चपला काढायच्या आणि एका अजस्र खडकावर जिन्याने चढायचे. त्या खडकाचा माथाच कोरून तथागतांची आडवी मूर्ती केली आहे, महापरिनिर्वाणाची. सोळाव्या शतकातली, सुमारे आठ मीटर लांब. मूर्ती आणून ठेवलेली नाही, डोंगराच्याच दगडातून निघालेली आहे.

अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातली महापरिनिर्वाण मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. ती याच्या हजारेक वर्षे आधीची, आणि कलेच्या दृष्टीने अजिंठ्याची सरस, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. फरक दुसराच आहे. अजिंठ्याला आपण तिकीट काढून जातो, पाहतो आणि वेळ संपली की बाहेर येतो. इथे मूर्तीच्या पायाशी एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती, कोपऱ्यात भन्ते कुणाच्या मनगटाला दोरा बांधत होते, उदबत्त्यांचा धूर दाटला होता. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. पाली शब्द ऐकून आजूबाजूचे लोकही आमच्याबरोबर म्हणू लागले. उच्चार त्यांचे निराळे, शब्द तेच. दोराबिरा आम्हाला मान्य नाही, पण ‘बुद्धं सरणं गच्छामि’ला दोन्हीकडचा आवाज एक झाला तेव्हा अंगावर काटा आला.

राजाच्या देवाच्या डोंगरावर बुद्ध कसा आला, हा खरा इतिहास. बाराव्या शतकाच्या अखेरीस सातवा जयवर्मन हा महायानी बौद्ध राजा झाला. त्याच्या राज्यात १०२ आरोग्यशाळा होत्या, असे ता प्रोमचा शिलालेख सांगतो, आणि तिथे चारही वर्णांच्या माणसांवर उपचार व्हावेत असे आरोग्यशाळांच्या लेखांत नमूद आहे. त्याच्यानंतर तेराव्या शतकात उलटा वारा सुटला. अंकोरमधल्या असंख्य बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या, काहींना दाढी कोरून ऋषी केले, काहींचे लिंग केले. आदल्या दिवशी ता प्रोमला ते रिकामे कोनाडे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पण धम्म तेवढ्याने गेला नाही. तो राजवाड्यातून उठून खेड्यात गेला. १२९६ साली आलेल्या चौ ता-क्वान या चिनी वकिलाने पिवळ्या चीवरातले, मुंडन केलेले भिक्खू पाहिले आणि पोरे शिकायला त्यांच्याकडे जातात असे लिहून ठेवले. हा थेरवाद लोकांचा होता. राजाची नगरी जंगलात गेली आणि तिच्याच डोंगरावर, सात शतकांनंतर, हा बुद्ध कोरला गेला.

खाली उतरताना गाईडने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजची सत्ता आली. भिक्खूंची चीवरे उतरवली, कित्येकांना मारले, विहारांची कोठारे आणि तुरुंग केले. ७ जानेवारी १९७९ ला ती सत्ता पडेपर्यंत सुमारे सतरा लाख माणसे मेली, असा साधारण अंदाज आहे. त्याचे आजोबा भिक्खूच होते, त्यांना शेतात जुंपले होते. १९७९ च्या सप्टेंबरात सात जुन्या भिक्खूंना पुन्हा उपसंपदा दिली गेली, तिथून संघ परत उभा राहू लागला. त्याच्या गावातला विहार लोकांनी ताडाच्या झावळ्या घालून उभा केला, मग पत्रे आले, मग कौले. कुलेनवर तर ख्मेर रूजचे लोक नव्वदच्या दशकातही होते आणि जमिनीत सुरुंग पेरलेले होते, लोकांना वर येता येत नव्हते. हे ऐकताना आमच्यातल्या जुन्या मंडळींना आपल्या विहाराचे दिवस आठवले. आधी बांबू आणि ताडपत्री, मग दर रविवारची वर्गणी, मग पत्रे. आपल्यावर त्यांच्यासारखी कत्तल ओढवली नाही, ती बरोबरी करू नये. पण विहार कसा उभा राहतो हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

शेवटी धबधबा. वरचा टप्पा लहान, खालचा पंधरा-वीस मीटरांचा, लाकडी पायऱ्या उतरून जायचे. काठावर झोपड्या, सतरंज्या, झोपाळे, डबे उघडून बसलेली कुटुंबे, अगदी आपल्याकडची वर्षासहल. लाल केळी विकायला होती, ती सगळ्यांनी घेतली. आणि तो युवक कार्यकर्ता सगळ्यांच्या आधी पाण्यात! तिथे तेच लिंगांवरून आलेले पाणी पडते आहे, याची कुणीतरी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, “इथं ते नुसतं पाणी आहे.” यावर बसमध्ये परतीचा सगळा रस्ता पुन्हा वाद.

आजींनी धबधब्याचे पाणी एका बाटलीत भरून घेतले होते. विमानात जाईल की नाही याची चिंता होती, शेवटी मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणली. घरी आणल्यावर प्रश्न पडला, या पाण्याचे करायचे काय. पूजेला लावायचे नाही, यावर सगळ्यांचे एकमत. आठवडाभर बाटली विहाराच्या खिडकीत उभी होती. मग एका संध्याकाळी वंदनेनंतर आजींनी ती आवारातल्या बोधिवृक्षाच्या रोपाला घातली, “उन्हाचं सुकतंय बिचारं” म्हणत, आणि रिकामी बाटली नळाखाली धरून पुन्हा भरली.