सहाण, टाळू आणि तान्ह्याची उलटी

तान्हे बाळ दूध टाकू लागले की मराठी घरात सहाण पुढे येई. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ यांचे मोजून वेढे आईच्या दुधात उगाळायचे आणि बोंडल्याने पाजायचे, ही बाळगुटीची रीत. तिचे खरे बळ मुळ्यांत नव्हते, रोजच्या निरखण्यात होते. टाळू भरणाऱ्या हाताला ती खोल गेलेली लगेच कळे. लंगोट कोरडा राहिला की आजीच्या ध्यानात येई. अंगातले पाणी घटल्याच्या याच खुणा डॉक्टर आजही पाहतात.

‘आमच्या आज्यांनी गुटीवरच पोरे वाढवली’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ढेकरेसोबत ओघळणारे दूध वाढत्या वयात आपोआप थांबते. श्रेय मात्र गुटीला जाई. जी बाळे दगावत, ती दृष्टीच्या खाती पडत. पण काही उलट्या अशा आपोआप थांबत नाहीत: जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट अडते, तेव्हा काही आठवड्यांचे बाळ दूध लांबवर फेकते आणि लगेच भुकेने रडते. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी 1888 साली या विकाराचे नेमके वर्णन केले. 1912 साली जर्मन सर्जन रामस्टेट यांनी आतले अस्तर शाबूत ठेवून स्नायू चिरण्याची शस्त्रक्रिया मांडली. इथे कोणतीही मुळी उपयोगाची नव्हती. म्हणून सहाण बाजूला ठेवावी, निरखणे जपावे. हिरवी, रक्ताची किंवा जोराने उडणारी उलटी, ताप, खोल टाळू, घटलेली लघवी, दूध न ओढणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा.